पूल क्लिअर, उस्ताद!

जुलैमध्ये सुट्टी संपवून आम्ही शाळेत परतलो. पहिल्याच स्विमिंग क्लासला टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत पूलवर गेलो, तर आमच्या आधीच दोन जण पाण्यात होते. खोल बाजूला दोन रानबदकं निवांत गोल फिरत होती, जणू आमच्या सुट्टीत त्यांना शाळेत ॲडमिशन मिळाली होती. उस्तादांनी शिट्टी वाजवली. बदकांनी मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चोच पंखात घातली. मग उस्ताद स्वतः काठावरून धावत गेले, तेव्हा कुठे ती पाण्यातून सरळ वर उडाली आणि पंप हाउसच्या छतावर जाऊन बसली.

"बत्तख देखनी है तो बाहर तालाब पर जाओ," उस्ताद म्हणाले, "मेरे पूल में नहीं दिखनी चाहिए." आणि रांगेत सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्या दोघांवर त्यांनी ही जबाबदारी टाकली. त्यातला एक मी आणि दुसरा माझा बडी.

ड्युटी अशी होती : पाचला उठायचं, सव्वापाचला पूलवर जायचं, बदकं असतील तर हाकलायची, घाण जाळीने काढायची, काठ धुवायचा आणि साडेपाचला पीटीच्या फॉल-इनमध्ये एक पाऊल पुढे येऊन सांगायचं, "पूल क्लिअर, उस्ताद!" दोन दिवसांत सगळी शाळा आम्हाला 'डक पार्टी' म्हणू लागली.

आधी मला वाटलं होतं, दोन बदकांनी पोहलं तर कुणाचं काय बिघडतं? सायन्सच्या सरांनी आमच्यासमोर पूलच्या पाण्याची तपासणी करून दाखवली. छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की ते पिवळं होतं, आणि पिवळा रंग जितका गडद तितकं क्लोरीन जास्त. पूलमध्ये मोकळं क्लोरीन दहा लाख भागांत साधारण 1 ते 3 भाग तरी असावं लागतं. बदकाची विष्ठा पाण्यात पडली की क्लोरीन आधी त्या घाणीवर खर्च होतं आणि जंतू मारायला उरतं थोडंच. मग क्लोरीन वाढवा, आणि वाढवलं की आमचे डोळे लाल. ऑगस्टअखेरीस इंटर-हाउस स्विमिंग होती. म्हणजे उस्तादांचा राग उगीच नव्हता.

रविवारी घरी फोन केला तेव्हा आजीला बदकांचं वर्णन सांगितलं. अंगावर तपकिरी खवल्यांसारखी नक्षी, पाय नारिंगी, चोच काळी, पण चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कपाळाजवळ दोन लाल ठिपके. आजी लगेच म्हणाली, "अरे, हे तर हळदी-कुंकू! आपल्या पाझर तलावावर असतात की." चोचीवर पिवळं आणि लाल, म्हणून हे नाव. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचं बदक मला राजस्थानात शाळेच्या पूलमध्ये भेटलं होतं. पंप हाउसवर काम करणारे काका त्याला गुगरल म्हणतात. हे पाहुणं बदकही नव्हे. हिवाळ्यात हजारो मैलांवरून येणारी बदकं वेगळी, हे बारा महिने इथलंच. म्हणजे ते आपल्याआप निघून जाईल ही आशाही नव्हती.

आम्ही पहिल्यांदा बुजगावणं केलं. जुन्या पीटी ड्रेसमध्ये गवत भरलं, डोक्यावर बेरे घातली आणि त्याला काठावर उभं केलं. दोन दिवस बदकं लांब राहिली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर त्याच्याच पायाशी सावलीत बसलेली! मग कॉम्प्युटर लॅबमधल्या खराब सीड्या दोरीला बांधल्या. त्या वाऱ्याने चमकत हलायच्या. त्यालाही ती चार दिवसांत सरावली. मग रात्री पूलच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पाण्यापासून दोन फूट उंचीवर, हात-दोन हात अंतराने नायलॉनच्या दोऱ्या ताणायला सुरुवात केली. बदकं वरून उतरायची थांबली. आम्ही फुशारकीने उस्तादांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती दोघं हिरवळीवर उतरली, दुडुदुडू चालत आली आणि दोऱ्यांखालून पाण्यात शिरली.

माझा बडी मणिपूरचा आहे. त्याचं घर लोकताक सरोवराजवळ आहे आणि बदकांच्या बाबतीत तो आमच्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. तो म्हणाला, "आपण त्याला घाबरवतोय. ते कशासाठी येतं हे आपण पाहिलंच नाही." मग एका रविवारी आम्ही पहाटे आणि संध्याकाळी नुसते बसून राहिलो. तेव्हा काही गोष्टी लक्षात आल्या. पूलमध्ये त्यांना खायला काहीच नव्हतं. खायला ती मागच्या गेटबाहेरच्या तळ्यावर जात आणि पूलवर यायची ती विसाव्याला. मे-जूनमध्ये ते तळं कोरडं पडतं, शाळा रिकामी असते आणि आसपास उघडं पाणी असतं ते फक्त पूलमध्ये. चहूकडे मोकळं दिसतं, कुत्रा आला तर लांबून कळतं. पावसात तळं भरलं तरी ती सवय गेली नव्हती. म्हणजे चूक त्यांची नव्हती. आमच्या सुट्टीत त्यांनी ही जागा सुरक्षित ठरवली होती.

ऑगस्टच्या सुरुवातीपासून एकच बदक येऊ लागलं. मी खूश झालो. बडी झाला नाही. "दुसरी कुठेतरी अंड्यांवर बसली आहे," तो म्हणाला. आम्ही पंप हाउसमागच्या मेंदीच्या कुंपणात शोधलं, पण घरटं सापडलं नाही. हे बदक जमिनीवरच गवतात झुडपाखाली घरटं करतं आणि मादीचा रंग असा की ती हातभर अंतरावर असली तरी दिसत नाही. सरांनी सांगितलं, सापडलं तरी हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी आणि घरटं मोडणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. माळीकाकांना तेवढं कुंपण छाटू नका असं सांगून आलो. मादी साधारण 24 दिवस अंडी उबवते. बडीने वहीच्या मागच्या पानावर दिवस मोजले आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याभोवती गोल केला.

त्याच आठवड्यात बडीला ताप आला आणि तो एमआय रूममध्ये ॲडमिट झाला. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "या दिवसांत नीट बघ." मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे जोराचा पाऊस होता. मी पाचला उठलो. व्हरांड्यातून पाण्याच्या धारा दिसत होत्या. आज पीटी व्हरांड्यातच होणार होती. मनात आलं, एवढ्या पावसात कोण येतंय पूलवर? पुढे कित्येकदा या वाक्यावर माझं मलाच हसू आलं आणि रडूही आलं. बदकाला पावसाचं काय? पण तेव्हा मी बूट घातले, पांघरुणाची घडी केली, पलंगावर दहा मिनिटं बसून राहिलो आणि साडेपाचला फॉल-इनमध्ये एक पाऊल पुढे आलो.

"पूल क्लिअर, उस्ताद!"

आवाज रोजच्यासारखाच आला. खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते खोटं वाटलंही नाही. रोज क्लिअर असतो, आजही असेल, एवढंच.

साडेसहाला पंपवाले काका भिजत धावत आले. उस्तादांबरोबर आम्ही सात-आठ जण पूलवर गेलो. दोऱ्या ताणलेल्या होत्या. बदकीण काठावर उभी राहून हलक्या आवाजात सारखी हाक मारत होती. पाण्यात तिची पिल्लं होती. पिवळी-काळी, मुठीत मावतील एवढी. ती टाइल्सच्या कडेकडेने पोहत होती, उड्या मारत होती आणि घसरून परत पाण्यात पडत होती. पाणी काठापासून वीतभर खाली होतं. आईच्या मागोमाग उडी मारून ती आत आली होती, पण वीतभर उभ्या भिंतीवर चढणं त्यांना शक्य नव्हतं. आईला पंख होते, त्यांना नव्हते.

आठ पिल्लं होती. सहा पोहत होती. दोन कोपऱ्यात पाण्यावर नुसती तरंगत होती.

आम्ही दोऱ्या सोडल्या आणि कपड्यांसकट पाण्यात उतरलो. मेसमधून पावाचा क्रेट आणला, त्यात टॉवेल अंथरला आणि एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन त्यात ठेवलं. माझ्या हातातलं पिल्लू इतकं गारठलं होतं की त्याला थरथरायचीही ताकद नव्हती. लहान पिल्लांची लव पाणी फार वेळ अडवू शकत नाही. त्यांना आईच्या पोटाखाली जाऊन अंग सुकवावं लागतं, ऊब घ्यावी लागते. तीच त्यांना मिळाली नव्हती.

तेवढ्यात उस्तादांनी मला विचारलं, "सवा पाँच बजे देखा था ना?"

पिल्लू माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "देखा था, उस्ताद."

पिल्लांना तळ्यापर्यंत न्यायचं होतं. मागच्या गेटमधून ते चारशे मीटर आहे. हातात क्रेट घेऊन सरळ धावलो असतो तर बदकीण मागे राहिली असती. म्हणून काकांनी सांगितलं तसं केलं. क्रेट जमिनीवर ठेवायचा आणि लांब व्हायचं. पिल्लांचा आवाज ऐकून ती जवळ आली की क्रेट उचलून पंधरा-वीस पावलं पुढे जायचं, पुन्हा ठेवायचा. बाकीची मुलं दोन्ही बाजूंना बेडशीट धरून उभी राहिली, म्हणजे कुत्री येणार नाहीत आणि ती वाट सोडणार नाही. कुणी बोललं नाही. एकदा ती उडून भिंतीपलीकडे गेली तेव्हा सगळे गप्प उभे राहिलो. पाच मिनिटांनी परत आली. असं करत तळ्यावर पोहोचायला जवळजवळ तास लागला. काठावर क्रेट आडवा केला. सहा पिल्लं बाहेर आली, आईच्या मागे एका ओळीत लागली आणि पाणकणसात दिसेनाशी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

परत आलो तर पंप हाउसजवळ उस्ताद काकांशी बोलत होते. काकांची ड्युटी सहाला सुरू होते. रस्त्यावर पाणी साचल्यामुळे ते साडेसहाला पोहोचले होते. उस्तादांचा हिशेब सरळ होता : सव्वापाचला पूल क्लिअर होता, म्हणजे पिल्लं त्यानंतर पडली. तुम्ही सहाला असता तर दोन वाचली असती. काका मान खाली घालून "गलती हो गई साब" म्हणत होते. ते वयाने माझ्या आजोबांएवढे आहेत.

तोपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की दोन पिल्लं गेली ती पावसाने गेली. त्या क्षणी मला कळलं की माझ्या दोन शब्दांनी काय केलं होतं. मी पूल पाहिला नाही एवढंच झालं असतं तर तो आळस होता. पण 'क्लिअर' म्हटल्यामुळे माझी चूक उठून दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसली होती.

तरीही मी तेव्हा बोललो नाही. पहिला पिरियड झाला, दुसरा झाला, जेवण झालं. दुपारी काका कडुनिंबाखाली छोटा खड्डा खणताना दिसले. मी जवळ गेलो. त्यांनी दोन्ही पिल्लं एका कापडात गुंडाळली होती. माती लोटताना ते म्हणाले, "थोड़ा जल्दी आ जाता तो..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

संध्याकाळी प्रेपच्या आधी मी पीटी स्टोअरमध्ये गेलो. उस्ताद दोऱ्यांची गुंडाळी करत होते. मी सावधानमध्ये उभा राहून सगळं सांगितलं. पहाटेचं सांगितलं आणि पिल्लू हातात असताना जे खोटं बोललो तेही सांगितलं. मला वाटलं होतं, आता फ्रंट रोल, मग हाउस मास्टर, मग घरी पत्र. उस्ताद बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "संतरी की रिपोर्ट पर बाकी सब सोते हैं." पुढे काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने स्टोअरचं कुलूप लावून म्हणाले, "चलो." ते मला घेऊन काकांकडे गेले. आधी त्यांनी स्वतः काकांची माफी मागितली, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जास्त कठीण गेलं.

काका काहीच बोलले नाहीत. पंप हाउसमागे गेले, एक जुनी फळी ओढत आणली आणि मला म्हणाले, "उधर से पकड़ो." आम्ही दोघांनी फळीला गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलं, म्हणजे पाय घसरणार नाहीत, आणि तिचं एक टोक काठावर अडकवून दुसरं पाण्यात सोडलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. गेल्या जानेवारीत आमची सहल भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गेली होती. तिथे जुन्या शिकारींचे आकडे कोरलेले दगड आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले, असं त्यावर आहे. आम्ही सगळ्यांनी तोंडावर हात ठेवला होता आणि किती क्रूर लोक म्हणून एकमेकांकडे पाहिलं होतं. त्या रात्री तो दगड आठवला. माझा आकडा दोनच होता. पण त्या लोकांनी आपला आकडा खरा लिहून ठेवला होता. मी माझ्या आकड्याच्या जागी 'क्लिअर' लिहिलं होतं.

सव्वापाचला गेलो असतो तर ती दोन पिल्लं जगली असती का? काकांना विचारलं, सरांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. ती पहाटे चारलाही पडली असतील. हे आता कधीच कळणार नाही, कारण कळण्याची जी वेळ होती तेव्हा मी पलंगावर बसलो होतो.

उस्तादांनी शिक्षा दिली ती अशी : सीझन संपेपर्यंत ड्युटी मीच करायची आणि तोंडी रिपोर्टबरोबर पंप हाउसमधल्या रजिस्टरमध्ये वेळ लिहून काय दिसलं ते लिहायचं. पूल बंद होईपर्यंत मी ते रोज लिहिलं. 'वेळ 5.14. बदक नाही. दोऱ्या ठीक. फळी जागेवर. पाण्यात एक बेडूक, फळीवर बसलेला.' बडी बरा होऊन आल्यावर त्याने ते वाचलं आणि वहीच्या मागच्या पानावरच्या गोलाबद्दल एक शब्दही काढला नाही. यापेक्षा तो रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मी अकरावीत असेन आणि ही ड्युटी ज्युनियर्सपैकी कुणाकडे तरी जाईल. त्याच्यासाठी हे लिहून ठेवतो. बुजगावणं करू नकोस, त्यात फक्त मजा आहे. सुट्टी लागण्याआधी पूलवर ताडपत्री टाकून घे आणि कडेला वाळूच्या पिशव्या ठेव, म्हणजे मे-जूनमध्ये त्यांना इथली सवयच लागणार नाही. दोऱ्या लावायच्या असतील तर हिरवळीच्या बाजूने खाली गुडघाभर उंच जाळीही लाव, कारण ती चालत येतात. कुंपणाखालचं गवत जूनमध्येच काढून घे. एकदा अंडी झाली की मग हात लावता येत नाही. आणि इतकं सगळं केलं तरी फळी पाण्यातून कधी काढू नकोस.

परवा आम्ही दोघं तळ्यावर गेलो होतो. पूल आता हिवाळ्यासाठी बंद आहे आणि तळ्यावर बदकांची गर्दी आहे. हळदी-कुंकू दहा-बारा दिसली. आपली सहा त्यात आहेत का ते शोधत होतो, पण पिल्लं वाढली की आईसारखीच दिसतात, ओळखू येत नाहीत. बडीने विचारलं, "सहाच्या सहा असतील?"

मी म्हटलं, "माहीत नाही."